दोन टन

टन म्हणजे वजन नव्हे, मडगावच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
टन म्हणजे बर्फ. एका दिवसात तेवढा बर्फ वितळताना
जेवढी उष्णता खाईल, तेवढी हे यंत्र खातं.
मला कुटबणच्या जेटीवरचा ट्रक दिसला,
भुशात निजवलेल्या लाद्या
आणि मागून गळणारी धार.
तो ट्रक आता आमच्या निजायच्या खोलीत.

पोरग्याला वाटलं, म्हातारा मान डोलावतोय.
एकतीस वर्षं सासष्टीतले मीटर वाचले मी,
मनात गुणाकार चालला होता:
तासाला दोन युनिट, रात्रीचे आठ तास, मे महिना.
चारशे शहाण्णव.
कंप्रेसर मधूनमधून विसावतो म्हणून चारशे धरू.

खोली सोळा बाय अठरा, पण कौलं पंधरा फुटांवर,
आणि कौलांना गारवा धरून ठेवायची सवय नाही.
दीड टनवाला धापा टाकून मरेल, इनास मेकॅनिक म्हणाला.
स्प्लिट घ्या ना बाबा, शारजाहून धाकटी.
खिडकीवालाच, मी म्हटलं.
बिघडला तर इनासला शिडी लागत नाही.

भिंत चिऱ्याची, हातभर जाड.
यंत्राच्या कुशीला जाळ्या असतात, त्यातून ते श्वास घेतं,
भिंतीत पुरलं तर गुदमरतं.
म्हणून अर्धं अंग बाहेर, लोखंडी कोनावर,
जो तीन पावसाळ्यांत पापडासारखा होईल.
वहीत लिहिलं.
मागच्या बाजूला बोटभर उतार. लिहिलं.
तावदानांतल्या सत्तावीस शिंपा काढल्या,
उमावतीने त्या वर्तमानपत्रात गुंडाळून
पलंगाखाली सारल्या. मोजून.

वर्ष झालं, तिला आतून जाळ येतो.
डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे.
रात्री दोनला उठते, सोप्यावर जाते,
सिमेंटच्या बाकाला पाठ टेकून बसते, मानेवर ओला पंचा.
मी झोपेचं सोंग घेतो.
विचारलं तर म्हणेल, काही नाही, उकडतंय.
वहीत ह्याला रकाना नव्हता.

दुपारी इनासनं बटण दाबलं.
मागून भट्टीसारखा वारा थेट आंजेलीनच्या अंगणात.
तक्रार येणार म्हणून मी
शब्द जुळवून ठेवले, गडग्यापाशी उभा राहिलो.
तिनं सुपातली कोकमं आणून बरोब्बर झोतासमोर मांडली.
"दनपारां लेगीत चालू दवर रे,
सोलां बेगीन सुकतात."
म्हणजे दुपारचेही तीन तास. पुन्हा गुणाकार.

रात्र पहिली.
आवाज: ट्रॉलर खाडीतून सुटताना होतो तो,
फक्त सुटून जात नाही.
साडेआठला व्होल्टेज एकशे ब्याण्णव,
कंप्रेसर जोर धरतो तेव्हा दिवे क्षणभर डोळे मिटतात.
थर्मामीटर: एकतीस, तासाभरानं अठ्ठावीस,
मग सव्वीस, आणि तिथंच ठाण मांडून.
पोरग्यानं अठरा सांगितलं होतं.
अठरा नाही. लिहिलं, खाली रेघ मारली.

दोन वाजता जाग आली ती सवयीनं.
शेजारची जागा भरलेली होती.
चादर नाकापर्यंत, तोंड किंचित उघडं,
त्या घरघरीत तिचं घोरणं ऐकू येत नव्हतं,
छातीवर चादर हलताना दिसली तेवढंच.

माझे पाय मात्र गारठले होते.
आवाजात परत डोळा लागेना.
उठून सोप्यावर गेलो, त्याच बाकावर बसलो.
सिमेंट तिथं गुळगुळीत झालंय,
मला ठाऊक नव्हतं.

कोनाखाली तिनं बादली लावून ठेवलेली, अबोलीसाठी.
टप. टप. मग बारीक धार.
काठोकाठ भरत आली होती, बदलायला हवी होती.
मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.